औषध देणाऱ्याची विद्या आणि कायदा

जुन्या पिढीच्या वाचकांना दवाखान्यांतून आणलेली मिक्श्चरची बाटली आठवत असेल, आणि बाटलीपेक्षांही तिच्या पाठीवर चिकटविलेली कागदाची पट्टी अधिक आठवत असेल. घडी घालून कात्रीनें कडांना खांचा पाडलेली ती पट्टी म्हणजे मात्रेचें माप. एका खांचेपासून दुसऱ्या खांचेपर्यंत औषध उतरलें कीं एक वेळ झाली. डॉक्टर नाडी पाहत, जीभ पाहत, कागदाच्या चिठोऱ्यावर कांहीं अक्षरें ओढीत, आणि तो चिठोरा एका लहानशा खिडकींतून आंत जाई. खिडकीपलीकडे उभा असलेला मनुष्य तीं अक्षरें लावी, मापानें ओती, खलांत घोटी, पुड्या बांधी, बाटलीला बूच लावी आणि "दिवसांतून तीन वेळां, हलवून घ्या" एवढेंच सांगून ती आपल्या हातीं देई. डॉक्टरांची पदवी दारावरच्या पाटीवर असे. खिडकीपलीकडचा मनुष्य काय शिकला आहे, कोणापाशीं शिकला आहे, हें विचारावें असें घरांतल्या कोणाच्याही मनांत येत नसे. त्याला सारे 'कंपाउंडर' म्हणत, आणि तेथेंच त्याची ओळख संपे.

वस्तुतः औषध आणि रोगी यांच्यामधील शेवटचा पहारा त्या मनुष्याचा असतो. लिहितांना डॉक्टरांच्या हातून मात्रेचा आंकडा चुकला, तर तो त्यानेंच पकडावयाचा. दोन सारख्या दिसणाऱ्या भुकट्यांतली विषारी कोणती, हें त्यानेंच ओळखावयाचें. अशा मनुष्याच्या विद्येची चौकशी समाजानें कधीं केली, कोणत्या निमित्तानें केली आणि कितपत मनापासून केली, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. इतर विद्यांचा इतिहास लिहावयाचा तर गुरूंचा व ग्रंथांचा लिहावा लागतो. या विद्येचा इतिहास मात्र बव्हंशीं कायद्यांचा इतिहास आहे. आणि कायद्यांत काय लिहिलें यापेक्षां त्यांतलें काय अमलांत आलें, यावरच या विद्येचें बरेंवाईट अवलंबून राहिलें, असें आमचें मत झालें आहे.

आपल्या प्राचीन वैद्यकांत हा प्रश्न या स्वरूपांत उद्भवलाच नाहीं. चरकानें चिकित्सेचे चार पाद सांगितले ते वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रोगी हे होत. औषध सिद्ध करणारा असा निराळा पांचवा पाद त्यांत नाहीं. वनस्पति ओळखणें, काढा, चूर्ण, आसव, भस्म तयार करणें हें वैद्याच्याच विद्येचें अंग होतें, आणि शिष्य तें गुरूच्या घरीं खलबत्ता हातीं घेऊन शिके. बाजारांत काष्ठौषधींचीं दुकानें होतीं. परंतु तेथें हिरडा, बेहडा, सुंठ, ज्येष्ठमध असा कच्चा माल मिळे, आणि त्याचें औषध करण्याची जबाबदारी दुकानदाराकडे नसे. सांगणारा व देणारा एकच असल्यामुळें एकाचें काम दुसऱ्यानें तपासण्याची सोय नव्हती, आणि तशी गरजही कोणास फारशी वाटली नाहीं.

ही गरज युरोपांत प्रथम कायद्याच्या भाषेंत मांडली गेली. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धांत सिसिलीच्या राज्यावर सम्राट् दुसरा फ्रेडरिक राज्य करीत होता. त्यानें वैद्य आणि औषधविक्रेता हे दोन धंदे एकमेकांपासून वेगळे केले. वैद्यानें औषधाच्या दुकानांत भागी ठेवूं नये, औषध करणाऱ्यानें तें ठरलेल्या पद्धतीनें करण्याची शपथ घ्यावी, आणि दुकानांची तपासणी व्हावी, असे नियम त्यानें घातले. जो औषध सांगतो त्यालाच तें विकण्यांत नफा असेल, तर रोग्याचें हित आणि वैद्याचा लोभ यांच्यामध्यें उभें राहण्यास कोणी उरत नाहीं, हा त्यामागील विचार होता. सातशें वर्षें लोटून गेलीं तरी हा विचार जुना झालेला नाहीं. परंतु ज्या क्षणीं दोन माणसें वेगळीं झालीं, त्याच क्षणीं दुसऱ्या माणसाला काय येत असलें पाहिजे, हा नवा प्रश्न उभा राहिला. त्याचें उत्तर देण्यास मात्र राज्यकर्त्यांनीं पुढें कित्येक शतकें घालविलीं.

आमच्या देशांतील कायद्यांचा सांचा इंग्लंडांतून आला, म्हणून तेथील हकीकत थोडी सविस्तर पाहिली पाहिजे. लंडनांत १८४१ सालीं जेकब बेल प्रभृति औषधविक्रेत्यांनीं आपली 'फार्मास्युटिकल सोसायटी' स्थापन केली आणि दुसऱ्याच वर्षीं एक शाळाही काढली. हा प्रयत्न धंद्यांतल्या शहाण्या लोकांचा होता. शाळेंत येण्याची सक्ति कोणावर नव्हती. १८५२ च्या कायद्यानें परीक्षा उतरलेल्यांच्या पदवीला संरक्षण दिलें, इतकेंच. पदवीवांचून दुकान मांडण्यास कोणाची आडकाठी नव्हती.

अशा स्थितींत १८५८ सालीं ब्रॅडफर्ड शहरीं एक भयंकर प्रकार घडला. तेथें पेपरमिंटच्या गोळ्या करणारे लोक साखर महाग पडते म्हणून तींत एक निरुपद्रवी पांढरी भुकटी मिसळीत. ती आणण्यास एक मनुष्य औषधाच्या दुकानीं गेला. मालक आजारी पडून होता. दुकानांत नुकताच लागलेला एक उमेदवार होता. त्यानें कोपऱ्यांतल्या पिंपांतून १२ पौंड भुकटी तोलून दिली. ती भुकटी सोमलाची होती. त्या गोळ्या खाऊन सुमारें २० माणसें दगावलीं आणि दोनशेंहून अधिक आजारी पडलीं. खटला झाला, परंतु शिक्षा कोणासही झाली नाहीं, कारण कायद्याच्या दृष्टीनें गुन्हा असा कोणाचाच सिद्ध होईना. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, सोमलाच्या विक्रीविषयीं तेथें १८५१ पासून कायदा होता. विकत घेणाऱ्याचें नांव वहींत लिहून घ्यावें असें तो सांगे. विकणाऱ्याला काय कळतें, हें मात्र त्यानें विचारलें नव्हतें.

तो प्रश्न १८६८ च्या कायद्यानें विचारला. ठराविक विषें विकावयाचीं किंवा 'केमिस्ट अँड ड्रगिस्ट' ही पाटी लावावयाची, तर परीक्षा देऊन नोंदवहींत नांव घातलें पाहिजे, असा दंडक झाला. त्या कायद्याचे तीन परिणाम झाले, आणि ते तिन्ही पुढें आमच्याकडेही दिसून आले. एक तर, जे आधींपासून धंद्यांत होते त्यांना परीक्षेवांचून नोंदवहींत घ्यावें लागलें. कारण एका रात्रींत सारीं दुकानें बंद करणें कोणत्याही सरकारास शक्य नसतें. दुसरें, परीक्षेच्या मागोमाग परीक्षेपुरतें घोकून घेणाऱ्या खाजगी शाळाही निघाल्या. आणि तिसरें, सर्वांत महत्त्वाचें असें कीं, शिकण्याला प्रथमच कारण मिळालें. १८४२ ची शाळा होतकरू तरुणांना बोलावीत होती. १८६८ नंतर दुकान मांडूं इच्छिणाऱ्या प्रत्येकाला शिक्षण घेणें भाग पडूं लागलें.

हिंदुस्थानांत इंग्रजांबरोबर विलायती औषधें आलीं, इस्पितळें आलीं; परंतु औषधें देणाऱ्याची विद्या त्या मानानें आली नाहीं. मोठ्या शहरांतून युरोपियनांचीं औषधालयें होतीं, तेथें विलायतेंत परीक्षा दिलेला एखादा मनुष्य असे. बाकी सारा कारभार कंपाउंडरांवर चाले. कांहीं प्रांतांत सरकारी इस्पितळांतून त्यांच्यासाठीं छोटे अभ्यासक्रम व परीक्षा होत्या. पण बहुतेकजण डॉक्टरांच्या हाताखालीं पाहून पाहूनच शिकत. कायदे होते ते वस्तूंविषयीं होते. १८७८ चा अफूचा कायदा, १९१९ चा विषांचा कायदा, १९३० चा धोक्याच्या मादक द्रव्यांचा कायदा, या सर्वांचा रोख माल कोणी बाळगावा व त्याचा व्यवहार कसा व्हावा याकडे होता. ब्रॅडफर्डपूर्वीं इंग्लंड ज्या पायरीवर होतें, तीवर आम्ही पाऊणशें वर्षें उभे होतों.

या निष्काळजीपणाची किंमत हिंवतापाच्या रोग्यांनीं दिली. पहिल्या महायुद्धानंतर देशांत परदेशी औषधांचा सुळसुळाट झाला आणि त्यांत बनावट, भेसळीचा व निःसत्त्व माल बेसुमार शिरला. क्विनाईन हें त्या काळीं जीव वाचविणारें औषध. तेंही खोटें मिळूं लागलें. बाप आपल्या तापानें फणफणलेल्या मुलाला वेळेवर गोळी देतो, आणि त्या गोळींत क्विनाईन नांवापुरतेंच असतें, ही कल्पना करून पाहावी, म्हणजे त्या तक्रारींचें मर्म ध्यानांत येईल. मार्च १९२७ मध्यें पुण्याचे सर इब्राहिम हारून जाफर यांनीं कौन्सिल ऑफ स्टेटमध्यें या विषयाचा ठराव मांडला, आणि अखेर ऑगस्ट १९३० मध्यें सरकारनें कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालीं औषध-चौकशी समिति नेमली. चोप्रा हे कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगशास्त्राच्या विद्यालयांत औषधिविज्ञानाचे अध्यापक होते.

समितीनें १९३१ सालीं अहवाल दिला. तिच्याकडे काम आलें होतें तें वाईट मालाचें. परंतु वाईट मालाचा माग काढीत काढीत ती अज्ञानी माणसापर्यंत पोंचली, ही तिची खरी थोरवी होय. औषधांवर नियंत्रण, प्रयोगशाळा यांबरोबरच औषध देणाऱ्यांच्या शिक्षणाची व्यवस्था, त्यांची नोंदणी आणि त्यासाठीं मध्यवर्ती व प्रांतिक परिषदा असाव्या, अशी शिफारस तिनें केली. माल शुद्ध हवा असेल तर तो ओळखणारा मनुष्य आधीं तयार झाला पाहिजे, हा विचार आमच्या देशांत सरकारी कागदावर स्पष्टपणें उमटला तो येथें. त्यानंतर मात्र तो कागद सरकारी दफ्तरांत नऊ वर्षें पडून राहिला.

सरकार स्वस्थ बसलें असतां काशीस एका तरुण अध्यापकानें काम सुरू केलें. महादेवलाल श्रॉफ हे मूळचे बिहारचे. अमेरिकेंत शिकून ते परत आले, आणि पंडित मदनमोहन मालवीयांच्या आश्रयानें १९३२ सालीं बनारस हिंदु विश्वविद्यालयांत त्यांनीं औषधि-रसायन हा विषय पदवीच्या अभ्यासक्रमांत आणला. १९३७ पासून तेथें फार्मसीची स्वतंत्र पदवी सुरू झाली. त्यांनींच पुढाकार घेतलेली संघटना व तिचें नियतकालिक यांचा जन्मही १९३९ च्या सुमाराचा. श्रॉफांचें हें कार्य थोर होतें यांत शंका नाहीं. परंतु त्याच्या वेळेकडे लक्ष दिलें पाहिजे. ही पदवी निघाली तेव्हां ती घेतलेल्या मनुष्यानेंच औषध द्यावें, असें सांगणारा एकही कायदा देशांत नव्हता. तेव्हां पदवीधरानें जावें कोठें? दुकानांत त्याची गरज कोणास नव्हती. स्वदेशी औषधांच्या कारखान्यांत होती. त्यामुळें रसायन, पृथक्करण आणि उत्पादन यांकडे या शिक्षणाचा ओढा पहिल्यापासून राहिला, आणि रोग्यासमोर उभें राहून औषध देण्याची विद्या कनिष्ठ मानली गेली. कायद्याच्या अभावानेंही शिक्षणाला आकार येतो, याचें हें बोलकें उदाहरण आहे.

पुढें १९४० सालीं औषधांचा कायदा झाला आणि १९४५ सालीं त्याखालचे नियम आले. आयात, उत्पादन व विक्री यांवर परवान्यांचें बंधन पडलें. १९४३ सालीं आरोग्यविषयक पाहणीसाठीं जी समिति बसली, तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशिकास जन्मलेले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकलेले गृहस्थ. १९४६ सालच्या त्यांच्या अहवालांत निरनिराळ्या वैद्यकीय सेवकांची शिरगणति दिली आहे. त्यांत डॉक्टर ४७,५०० आहेत, परिचारिका ७,००० आहेत, आणि शिक्षित फार्मासिस्ट सबंध देशांत ७५ आहेत. म्हणजे चाळीस लाख लोकांमागें एक! या एका आंकड्यापुढें पानेंच्या पानें व्याख्यान फिकें पडेल. गांवोगांवच्या दवाखान्यांत जे हजारों हात रोज औषध मापून देत होते, त्यांतले ७५ सोडून बाकीच्यांची परीक्षा कोणी घेतलेलीच नव्हती.

स्वातंत्र्य मिळाल्यावर पहिल्याच वर्षांत, ४ मार्च १९४८ रोजीं, फार्मसीचा कायदा संमत झाला; पुढच्या वर्षीं मध्यवर्ती फार्मसी परिषद अस्तित्वांत आली. या कायद्याची रचना मोठी विचारपूर्वक केलेली आहे. त्याच्या १० व्या कलमानें परिषदेला 'शिक्षण-विनियम' करण्याचा अधिकार दिला: किती वर्षें शिकावें, कोणते विषय असावे, प्रत्यक्ष काम किती करावें, शाळेंत साहित्य काय असावें, हें सारें परिषदेनें ठरवावें आणि न पाळणाऱ्या संस्थेची मान्यता काढून घ्यावी. पहिले विनियम १९५३ सालीं निघाले; पुढें १९७२, १९८१ व १९९१ सालीं ते नवे झाले. शाळा आणि पाठ्यपुस्तकें यांना आधार मिळाला तो या विनियमांचा.

त्याच कायद्याच्या ३१ व्या कलमांत इंग्लंडांतल्या तडजोडीचें प्रतिबिंब पडलेलें दिसतें. पहिली नोंदवही तयार करतांना पदवी व पदविकाधारकांबरोबर, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधें देणाऱ्या ठिकाणीं निदान पांच वर्षें काम केलेल्या माणसांनाही तींत जागा दिली गेली. यावर पुष्कळ टीका झाली आहे. पण आम्हांस ती टीका न्याय्य वाटत नाहीं. ज्या देशांत शिकलेलीं माणसें ७५, तेथें अनुभवी कंपाउंडरास दार बंद करणें म्हणजे दवाखानेच बंद करणें होय. शिवाय त्यांतल्या अनेकांचा हात पदवीधराहूनही सराईत होता. तडजोड करणें हा दोष नव्हे. तडजोडीचा काळ संपल्यावरही ती चालू ठेवणें हा दोष होय. आणि नेमकें तेंच ४२ व्या कलमाच्या बाबतींत घडलें.

हें ४२ वें कलम म्हणजे सबंध कायद्याचा प्राण. नोंदणी झालेल्या फार्मासिस्टाखेरीज दुसऱ्या कोणीं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचें औषध सिद्ध करूं, बनवूं, मिसळूं किंवा देऊं नये, असें तें सांगतें. डॉक्टर आपल्या स्वतःच्या रोग्यास औषध देतो, तेवढा अपवाद. पण हें कलम राज्य सरकार ठरवील त्या तारखेपासून लागू व्हावयाचें होतें, आणि ती तारीख अनेक ठिकाणीं उगवेचना. परवान्याच्या नियमांत 'पात्र व्यक्ति'ची अट होती खरी. परंतु केवळ दुकानांतल्या अनुभवावर मान्यता मिळालेल्यांनाही त्या शब्दांत जागा होती. अखेर १९७६ सालीं कायद्यांत दुरुस्ती करून, राज्यांनीं तारीख ठरविली नाहीं तर ठराविक मुदतीनंतर कलम आपोआप लागू होईल, असें ठरविण्यांत आलें. आणि त्याप्रमाणें १ सप्टेंबर १९८४ पासून तें देशभर अमलांत आलें. कायदा १९४८ चा, आणि त्याचा प्राण १९८४ चा! मधल्या ३६ वर्षांत एक सबंध पिढी शिकून, नोकरी करून, निवृत्त होण्याच्या वयाला पोंचली.

या ३६ वर्षांत शाळांचें काय झालें, तें पाहिलें म्हणजे आमचें म्हणणें अधिक स्पष्ट होईल. कारखान्यांविषयींच्या नियमांत पदवीला रोखठोक किंमत होती: औषधनिर्मितीवर देखरेख करावयाची तर फार्मसीच्या पदवीधरास १८ महिन्यांचा अनुभव पुरे, रसायनाच्या पदवीधरास मात्र ३ वर्षांचा हवा. ही किंमत दिसत असल्यामुळें पदवीचें शिक्षण कारखान्यांच्या अंगानें जोमानें वाढलें. १९५७ सालीं निघालेलें मुंबईचें फार्मसी महाविद्यालय आणि त्यामागोमाग निघालेल्या संस्था यांनीं औषधनिर्मितीच्या धंद्याला उत्तम माणसें पुरविलीं. उलट दुकानांत जाणाऱ्या पदविकाधारकाच्या विद्येस गिऱ्हाईक विचारीत नव्हतें, मालक विचारीत नव्हता आणि कायदाही विचारीत नव्हता. जी विद्या दुकानांत लागत नाहीं, ती शाळेंत तरी कोणत्या उत्साहानें शिकविली जाणार? प्रमाणपत्र परवान्यापुरतें राहिलें. एकाचें प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेलें, तो स्वतः दुसऱ्याच उद्योगांत, आणि औषध देणारा तिसराच, असे प्रकार पुढेंही वारंवार उघडकीस आले, ते या सवयीचें फळ होय.

एवढ्यांत औषधांचें जगही बदललें. मिक्श्चरची बाटली मागें पडली. तयार गोळ्या, कॅपसूल, सरबतें पाकिटांतून येऊं लागलीं. ४२ व्या कलमांत चार क्रियापदें आहेत. त्यांतलीं सिद्ध करणें, बनविणें आणि मिसळणें हीं तीन दुकानांतून जवळजवळ नाहींशीं झालीं. देणें तेवढें उरलें. मग पाकीट उचलून देण्यासाठीं दोन वर्षांचें शिक्षण कशाला, असें वाचकांच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. त्याचें उत्तर असें कीं, पूर्वीं कंपाउंडर चुकला तर एक बाटली चुकत असे. आज पाकिटांतलें औषध अधिक तीव्र आहे, सारख्या नांवांचीं औषधें शेंकड्यांनीं आहेत, आणि एकाच रोग्याला तीन डॉक्टरांचीं औषधें एकाच वेळीं चाललेलीं असतात. त्या तिन्ही चिठ्ठ्या एका ठिकाणीं जर कोणी पाहत असेल, तर तो दुकानांतला मनुष्यच होय. हात रिकामे झाले, तेव्हां डोळ्यांचें काम वाढलें.

औषध ओळखणारे डोळे मधल्या वाटेवर नसले म्हणजे काय होतें, हें मुंबईनें १९८६ च्या आरंभीं पाहिलें. जे. जे. इस्पितळांत उपचारासाठीं दिलेल्या ग्लिसरीनमध्यें डायइथिलीन ग्लायकॉल हें विष होतें आणि त्यामुळें १४ रोगी दगावले. न्यायमूर्ति बख्तावर लेंटिन यांच्या आयोगानें त्याची चौकशी केली आणि खरेदीपासून तपासणीपर्यंतची शिथिलता चव्हाट्यावर आणली. याच विषानें १९३७ सालीं अमेरिकेंत शंभरांवर माणसें मारलीं होतीं, आणि त्यामुळें तेथें १९३८ चा कडक कायदा झाला होता. म्हणजे जें ज्ञान जगाला अर्ध्या शतकापूर्वीं झालें होतें, तें त्या ग्लिसरीनच्या वाटेवर उभ्या असलेल्या एकाही माणसाच्या हातून वेळेवर उपयोगांत आलें नाहीं. पुढें २०२२ सालीं हिंदी कारखान्याच्या खोकल्याच्या औषधांत तेंच विष सांपडलें, आणि आफ्रिकेंतील गांबिया देशांत साठांहून अधिक मुलांचे मृत्यू त्याच्याशीं जोडले गेले. पुस्तकांत असलेली विद्या आणि पहाऱ्यावर असलेली विद्या यांत किती अंतर पडूं शकतें, याचा याहून कठोर दाखला आम्हांस ठाऊक नाहीं.

अलीकडच्या तीन दशकांतील विनियमांकडे पाहिलें, तर कायद्यानें औषध देणाऱ्याकडे पाहण्याची आपली दृष्टि बदलल्याचें दिसतें. १९९१ च्या विनियमांनीं पदविकेसाठीं दोन वर्षांच्या अभ्यासानंतर ५०० तासांचें प्रत्यक्ष शिक्षण सांगितलें आणि त्यांतले निदान २५० तास चिठ्ठ्यांवरील औषधें देण्यांतच गेले पाहिजेत, अशी अट घातली. २००८ सालीं सहा वर्षांचा 'फार्म. डी.' अभ्यासक्रम आला. तो विद्यार्थ्याला थेट इस्पितळांतील रोग्याच्या खाटेपाशीं नेतो. २०१५ च्या व्यवसाय-विनियमांनीं चिठ्ठी तपासून पाहणें व रोग्यास समजावून सांगणें हें फार्मासिस्टाचें कर्तव्य ठरविलें, आणि २०२० च्या पदविका-विनियमांत सामाजिक फार्मसी, औषधोपचारशास्त्र असे विषय आले. शिक्षणावर अधिकार कोणाचा, हा वादही विदर्भांतील एका संस्थेच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं फार्मसी परिषदेच्या बाजूनें मिटविला. २०२२ सालीं पदविकेनंतर, नोंदणीपूर्वीं, आणखी एक परीक्षा द्यावी असे विनियम निघाले. शाळेवर विश्वास राहिला नाहीं, म्हणून शाळेच्या दाराबाहेर दुसरा दरवाजा बसविला, असाच याचा अर्थ होतो.

हें सारें चांगलें आहे; तथापि १८५१ च्या सोमलाच्या वहीची आठवण आम्हांस राहून राहून होते. २०१४ पासून आमच्याकडे जंतुनाशक, क्षयावरील व संवयीचीं अशीं कांहीं औषधें विकतांना डॉक्टर व रोगी यांचीं नांवें वहींत लिहून ती तीन वर्षें जपून ठेवावी लागते. वही आवश्यक आहे. पण वही लिहिणारा मनुष्य जर तेंच शिकलेला नसेल, तर ती वही निव्वळ शाई होय. ब्रॅडफर्डनें हें पूर्वींच दाखवून दिलें आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लहान गांवांतल्या दुकानदाराला शिकलेला माणूस पूर्ण वेळ ठेवणें परवडत नाहीं, आणि परवडलें तरी तो देतो त्या पगारावर माणूस टिकत नाहीं, ही तक्रार खोटी नाहीं. पण तिच्यावर उपाय कायद्याकडे डोळेझांक करणें हा नव्हे. ज्या ज्ञानाला आपण किंमत देत नाहीं तें ज्ञान स्वस्त व खोटें होत जातें, आणि मग त्याला किंमत कां द्यावी असें आपणच विचारतों. या फेऱ्यांतून बाहेर पडावयाचें तर आरंभ कोणींतरी केला पाहिजे.

तो आरंभ वाचकांच्या घरांतूनही होऊं शकेल. आपण औषध घेतांना किंमत विचारतों, सूट विचारतों, मुदतीची तारीख पाहतों. यापुढें आणखी एक प्रश्न विचारावा: भिंतीवर ज्यांचें प्रमाणपत्र लावलें आहे, ते गृहस्थ किंवा त्या बाई कोठें आहेत? त्या असतील, तर हीं सारीं औषधें बरोबर चालतील ना, हें त्यांनाच विचारावें, आणि त्या सांगतील तें लक्षपूर्वक ऐकावें. खिडकीपलीकडच्या मनुष्याला त्याच्या विद्येविषयीं आपल्या आजोबांनीं कधीं विचारलें नाहीं. कायद्यानें विचारलें, पण उत्तराची वाट पाहण्यांत त्यानें छत्तीस वर्षें घालविलीं. आतां तो प्रश्न आपण, रोजच्या रोज, दुकानाच्या फळीशीं उभे राहून विचारूं लागलों, तर त्या विद्येच्या शाळाही सुधारल्यावांचून राहणार नाहींत.